ताटाशी बिघडलेलं नातं

१ एप्रिल २०२५ पासून उज्जैन शहरातली दारूची दुकानं बंद झाली. पण घरातल्या दारूच्या व्यसनाचा मुलांच्या ताटाशीही संबंध असतो, हे फारसं बोललं जात नाही. विस्कळीत आहारवर्तन (मुद्दाम उपाशी राहणं, लपून बेसुमार खाणं, खाल्लेलं उलटून काढणं) म्हणजे जेवणातले नखरे नव्हेत. पालकांचं व्यसन, त्यांचं सततचं डाएट, मुलांच्या वजनावरचे शेरे यांनी त्याचा धोका वाढतो. पण धोका म्हणजे कारण नव्हे. उज्जैनच्या क्षिप्रा नदीच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून प्रत्येक जण घसरत नाही; आनुवंशिकता आणि ताणही पाहावे लागतात. म्हणून आईवडिलांना गुन्हेगार ठरवणं चूकच. घरात टोमण्यांविना एकत्र जेवण झालं, तर मुलांना खरोखर आधार मिळतो. लक्षणं दिसली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर जरूर बोला.