जिचा आकडा ५४५

पॉम्पेईच्या एका भिंतीवर कुणीतरी ग्रीक अक्षरांत खरडून ठेवलं आहे, की माझं जिच्यावर प्रेम आहे तिचा आकडा ५४५. नाव नाही, खूण नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेनं ते शहर गाडलं आणि ही कबुली जशीच्या तशी टिकली. नावावरून ५४५ काढणं क्षणाचं काम. ५४५ वरून नाव काढणं मात्र अशक्य, कारण तेवढ्याच बेरजेची नावं कितीतरी निघतील. म्हणजे मजकूर भर रस्त्यात आणि तरीही कळणार फक्त तिला!

त्या काळी ग्रीक लोक आकडेही अक्षरांनीच लिहीत. अल्फा म्हणजे १, बीटा २, मग दशकं, मग शतकं. असं ९०० पर्यंत जायला २७ चिन्हं लागतात आणि वर्णमालेत अक्षरं २४. तेव्हा वापरातून गेलेली तीन जुनी अक्षरं त्यांनी केवळ मोजणीसाठी जिवंत ठेवली. हिब्रूतही हीच रीत, पण तिची २२ अक्षरं ४०० वर थांबतात. अरबीचा हिशेब मात्र पाहत राहावा असा आहे. अक्षरं २८: नऊ एककांना, नऊ दशकांना, नऊ शतकांना, आणि उरलेलं एक, ‘गैन’, थेट १००० ला. एक कमी नाही, एक जास्त नाही. अशा लिपीत शब्द लिहिला की त्याची बेरीज आपोआप तयारच असते. ती कुणाला चिकटवावी लागत नाही.

या बेरजेचं हत्यारही झालं. रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो, की नीरोच्या नावाची ग्रीक बेरीज आणि ‘स्वतःच्या आईला मारलं’ या शब्दांची बेरीज एकच असल्याचं लोक बोलत. दोन्ही १००५. आणि नीरोनं आईला खरोखरच मारवलं होतं.

मला सगळ्यांत जास्त मोह पडतो तो फारसी-उर्दू शायरांच्या ‘तारीख’ काढण्याचा. जन्म, मृत्यू, इमारत, ग्रंथ, काहीही असो. त्याला शोभेल असा शब्द शोधायचा आणि त्याच्या बेरजेत हिजरी सन बसवायचा. मीर अम्मननं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात लिहिलेल्या गद्यकथेचं नाव ‘बाग-ओ-बहार’. बे २, अलिफ १, गैन १०००. मधला वाव ६. मग बे २, हे ५, अलिफ १, रे २००. बेरीज १२१७, म्हणजे आपलं १८०२ साल. नावही किती सहज, कुठे ओढाताण नाही!

आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीतही अक्षरांना अंक आहेत, पण तिथे बेरीज नाही. अंक शेजारी मांडून उलटे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या ‘मेचकल्याणी’त म ५, च ६, म्हणून ७२ मेळकर्ता रागांत तिचा क्रमांक ६५.

रिक्षांवर दिसणारा, ‘दीवार’ चित्रपटात विजयच्या बिल्ल्यावर असलेला ७८६ हीसुद्धा अरबी अक्षरांची अशीच बेरीज आहे. बिस्मिल्लाच्या पूर्ण वाक्यात ‘बिस्म’चे १०२, ‘अल्लाह’चे ६६, ‘अर्-रहमान’चे ३२९, ‘अर्-रहीम’चे २८९. कागद घ्या आणि एकदा स्वतः मांडून बघा.