बाटलीची पारख

भांडें विकत घेतांना तें वाजवून घ्यावें, ही शिकवण आपल्या घरोघरच्या वडील बायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिलेली आहे. शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारांत उन्हाळ्याच्या तोंडीं मडकें घ्यावयास गेलेली गृहिणी प्रथम त्यावर टिचकी मारते. नाद खणखणीत आला तर मडकें पक्कें भाजलेलें, बद्द आला तर कोठें तरी तडा गेलेला, असा तिचा निर्णय. मग ती तें सूर्याकडे धरून आंत डोकावते. सुईच्या अग्राएवढें छिद्र असलें तरी उजेडाचा ठिपका तें सांगून टाकतो. कानाची एक परीक्षा आणि प्रकाशाची दुसरी. कांचेच्या कारखान्यांत बाटल्यांच्या बाजूंची जी परीक्षा आज यंत्रांकडून होते, ती ह्या दुसऱ्या परीक्षेचीच वाढ होय.

बाटलीचा दोष हा केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न असता, तर गृहस्थाश्रमी वाचकांपुढें तो मांडण्याचें कारण नव्हतें. पण वरील दोन तालुक्यांकडेच पाहावें. भातलावणीच्या दिवसांत चिखलांत उभे राहून काम करणाऱ्या माणसास सर्पदंश होतो आणि त्याला घाईघाईनें तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत आणतात. त्याचा जीव वांचविणारें औषध, ज्यास लोक सर्पदंशाची लस म्हणतात, तें एका लहानशा कांचेच्या कुपींत असतें. मुंबईच्या हाफकिन संस्थेचें नांव ह्या औषधाशीं फार वर्षें जोडलेलें आहे. आपल्याकडे तें बहुधा कोरड्या भुकटीच्या रूपांत भरतात आणि ऐन वेळीं शुद्ध पाण्यांत विरघळवून शिरेंतून देतात. भुकटी कोरडी व निर्जंतुक राहिली तरच तिचा उपयोग. कुपीच्या भिंतींत केंसाहून बारीक तडा असेल तर पावसाळी हवा आंत शिरते, ओल धरते, जंतूंनाही वाट मिळते. आणि बाहेरून पाहणाराला कुपी जशीच्या तशी दिसते. रोग्याच्या उशाशीं बसलेल्या आईला किंवा पत्नीला ह्याची परीक्षा करतां येणार नाहीं. ती आधींच कोणी तरी केलेली असली पाहिजे.

कांचेचा धंदा महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, आणि त्या फंडांतून 1908 सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना निघाला. पुढें 1916 सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत पोंचला. कंदिलाची चिमणी म्हणजे बाजूच्या भिंतीची रोजची कसोटीच होय. कांच एके ठिकाणीं जाड व दुसरीकडे पातळ असली, तर पातळ भाग ज्योतीनें लवकर तापून पसरतो, जाड भाग मागें राहतो, आणि दोहोंच्या ओढाताणींत चिमणी तडकते. दिवेलागणीला चिमणी तडकल्याचा आवाज ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना ही ओढाताण निराळी समजावून सांगावयास नको.

हे दोष उत्पन्न कसे होतात? वाळू, सोडा, चुनखडी आणि जुन्या कांचेचा चुरा यांचें मिश्रण सुमारें 1500 अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या भट्टींत वितळवितात. त्या रसाचा गोळा सांच्यांत पडतो आणि हवेच्या दाबानें फुगून त्याची बाटली होते. 1903 सालीं अमेरिकेंत मायकेल ओवेन्स यानें हें काम यंत्राकडून करवून दाखविलें. औषधाच्या लहान कुप्या पुष्कळ वेळां कांचेच्या नळीपासून घडवितात. शेवटीं ही बाटली बोगद्यासारख्या लांब भट्टींतून हळूहळू निववीत नेतात. येथें घाई झाली तर कांचेंत ताण कोंडून राहतो.

ह्या प्रत्येक पायरीवर चुकीला वाव आहे. रस पुरता शिजला नाहीं तर बुडबुडे राहतात. तो एकजीव झाला नाहीं तर पाकांतल्या तारेप्रमाणें त्यांत रेषा उमटतात. सांचा फार थंड असला तर बाजूवर सुरकुत्या पडतात. बुडबुडा लहान असला व कांचेच्या पोटांत असला, तर बहुधा तो रूपालाच काय तें उणें आणतो. भट्टीच्या विटेचा सुटलेला कण मात्र घातक. तो कांचेइतकाच आकसत नाहीं, म्हणून त्याच्या सभोवार ताण साचून तेथूनच तडा निघतो. पण सर्वांत भयंकर दोष म्हणजे बाटलीच्या आंत एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेला कांचेचा बारीक धागा. ह्या धंद्यांतील इंग्रज त्यास ‘पांखराचा झोका’ म्हणतात. नांव गोड, पण बाटली भरतांना वा हिसका बसतांच हा झोका तुटतो आणि त्याचे तुकडे मुरंब्यांत, औषधांत किंवा बाळाच्या दुधांत पडतात.

पूर्वीं ह्या दोषांची निवड सर्वस्वीं मनुष्याच्या डोळ्यांवर होती. उजळलेल्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत आणि माणसें त्यांतून सदोष बाटल्या उचलीत. ह्या कामांत कसूर होते ती आळसानें नव्हे. 1948 सालीं नॉर्मन मॅकवर्थ या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें प्रयोगानें दाखविलें कीं, क्वचितच घडणाऱ्या गोष्टीवर सतत लक्ष ठेवण्यास बसविलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासांतच चुकूं लागतो. म्हणून आजही जेथें डोळ्यांनीं परीक्षा होते तेथें तिला शिस्त घालतात. युरोपच्या औषधसंहितेचा नियम असा कीं, टोंचण्याच्या औषधांत कण आहेत कीं काय हें पाहतांना कुपी पांच सेकंद पांढऱ्या पडद्यासमोर व पांच सेकंद काळ्या पडद्यासमोर धरावी. काळा कण पांढऱ्यावर उठून दिसतो, चकाकणारा कण काळ्यावर.

यंत्राची सारी विद्या ह्याच तत्त्वांत आहे. यंत्राचा डोळा म्हणजे कॅमेरा. परंतु दोष दिसतो तो कॅमेऱ्यापेक्षां उजेडाच्या मांडणीमुळें. बाटलीमागें सौम्य व सर्वत्र सारखा उजेड ठेवला कीं विटेचा कण काळा ठिपका होऊन दिसतो. बुडबुडा वा सुरकुती मात्र पारदर्शक; ती त्या उजेडांत हरवून जाते. पाण्याचा थेंब कोऱ्या कागदावर दिसत नाहीं, पण रेघांच्या कागदावर ठेवला तर खालच्या रेघा वांकतात. त्याप्रमाणें बाटलीमागें काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा उजेड ठेवतात आणि पट्टी जेथें वांकली तेथें दोष आहे असें ठरवितात. तड्यासाठीं उजेड तिरका सोडतात. बाटली फिरतांना तडा आरशासारखा क्षणभर चमकतो. कोंडलेला ताण पाहण्यास ध्रुवीभूत प्रकाश लागतो. ताणलेली कांच त्यांत रंग दाखविते, हा शोध डेव्हिड ब्रूस्टर यानें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लावला. अशा अनेक कॅमेऱ्यांपुढून मिनिटास कित्येक शें बाटल्या जातात. संगणक प्रत्येकीचा निवाडा करतो आणि सदोष बाटली ओळींतून बाजूस काढली जाते.

निवाडा म्हटला कीं न्यायान्यायाचा प्रश्न आलाच. सांच्याचा जोड किंवा बाटलीवरचीं उठावाचीं अक्षरें ह्यांनाही यंत्र दोष समजूं शकतें. कसोटी फार कडक ठेवली तर चांगल्या बाटल्या फुकट जातात, सैल ठेवली तर एखादी घातक बाटली सुटते. लोणच्याच्या बरणीसाठीं चालणारी सूट टोंचण्याच्या औषधाच्या कुपीला देतां येत नाहीं. ही मर्यादा यंत्र ठरवीत नाहीं. ती माणसानेंच ठरवावी लागते आणि तिची जबाबदारीही त्याच्याचकडे राहते.

परंतु नुसतें वगळणें म्हणजे खरी परीक्षा नव्हे. भाताच्या ह्या मुलखांत तांदूळ निवडणें कोणत्या घराला चुकलें आहे? तरीही एकाच दुकानच्या तांदुळांत रोज खडे निघूं लागले, तर शहाणी गृहिणी निवडीत न बसतां दुकानदाराला जाब विचारते. बाटलीच्या तळाजवळ बारीक उंचवट्यांच्या खुणा असतात, त्यांत तिच्या सांच्याचा अंक असतो. यंत्र तो अंकही वाचतें. एकाच सांच्याच्या बाटल्या वारंवार बाद होऊं लागल्या कीं तो सांचा काढून तपासतात. बाद झालेल्या बाटल्यांचा चुरा होऊन तो पुन्हां भट्टींत जातो.

इतकें होऊनही घरांतल्या डोळ्यांना सुट्टी नाहीं. नवी बरणी खिडकीच्या गजांसमोर धरून सावकाश फिरवावी. गज जेथें एकाएकीं मोडल्यासारखे दिसतील तेथें नीट पाहावें. आंत हात घालण्यापूर्वीं तोंडांतून उजेडाकडे पाहून धागा वा कपचा नाहीं ना, याची खात्री करावी. बाहेरून फार ओरखडे पडलेली जुनी बाटली दुबळी झालेली असते. तींत कढत पदार्थ ओतूं नये. औषधाच्या कुपीवर रेघ किंवा आंत कण दिसला, तर ती डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला परत दाखवावी. भिडेखातर स्वीकारूं नये. परत गेलेली एक कुपी कदाचित् तिच्याबरोबरच्या शेंकडों कुप्यांची पुन्हां तपासणी करवील, आणि त्यांतली एखादी पुढच्या पावसाळ्यांत कोणा शेतकऱ्याच्या उशाशीं उघडली जाणार असेल.