वजा की अधिक?

प्रवरा खोऱ्यातील देवळाली प्रवरा येथे किंवा आसपासच्या कोणत्याही गावी घरातले जुने कपाट उघडले, तर कागदी पाकिटात ठेवलेली एखादी चकचकीत तबकडी बहुधा सापडतेच. तिच्यावर वधूवरांची नावे लिहिलेली असतात. सुमारे वीस वर्षांपूर्वी लग्नसमारंभाचे चित्रण अशा तबकडीवर उतरवून घेण्याची रीत होती. तबकडी निरखून पाहिली, तर तिच्यावर कोठे 'डीव्हीडी-आर', तर कोठे 'डीव्हीडी+आर' असे छापलेले आढळते. दिसावयास दोघी जुळ्या बहिणी. मग हे वजा आणि अधिक कशासाठी?

प्रथम त्यांतील साम्य पाहू. दोन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. दोन पातळ चकत्या एकमेकींस चिकटवून प्रत्येक तबकडी बनते. आत रंगद्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. तांबड्या लेझर किरणाच्या उष्णतेने त्या थरावर सूक्ष्म खुणा उमटतात. हेच लेखन होय. वाचतेवेळी सौम्य किरण सोडला जातो व खुणांवरून तो कमीअधिक परावर्तित होतो. दोहोंच्या एका थरात ४.७ अब्ज बाइट मावतात. एकदा लिहिलेले मात्र पुसता येत नाही. 'आरडब्ल्यू' तबकडीत रंगद्रव्याऐवजी विशिष्ट मिश्रधातू असतो. त्यामुळे ती पाटीप्रमाणे पुसून सुमारे एक हजार वेळा पुन्हा लिहिता येते.

आता भेद पाहू. लेखन सर्पिलाकार खोबणीतून चालते. आपण खोबणीत नेमके कोठे आहोत, हे यंत्राला कळले पाहिजे. वजा प्रकारात खोबणींच्या मधल्या जागेत, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांप्रमाणे, बारीक खुणा आधीच कोरलेल्या असतात. अधिक प्रकारात असे दगड नसतात. तेथे खोबणीच्या नागमोडी वळणांतच ठिकाणाचा पत्ता गुंफलेला असतो. त्यामुळे थांबलेले लेखन त्याच जागेपासून अचूकपणे पुढे चालविणे अधिक प्रकारात सोपे जाते. उलटपक्षी, वजा प्रकार आधी प्रचारात आल्यामुळे जुन्या यंत्रांवर तो सामान्यतः अधिक सहजपणे चाले.

हे दोन मार्ग निघाले ते कंपन्यांच्या चढाओढीमुळे. पायोनिअर कंपनीने १९९७ साली डीव्हीडी-आर पुढे आणली. फिलिप्स, सोनी आदी कंपन्यांनी वेगळी जूट बांधली आणि २००२ साली डीव्हीडी+आर बाजारात आणली. डीव्हीडी-रॅम हा तिसरा प्रकारही होता. ती सुमारे एक लाख वेळा पुन्हा लिहिता येई; परंतु पुष्कळ यंत्रांना ती वाचताच येत नसे. या चढाओढीत गोंधळ झाला तो ग्राहकाचा. पैसे देऊन आणलेली तबकडी घरच्या यंत्रात चालेल की नाही, याची त्याला शाश्वती नसे. अखेरीस २००२ सालीच दोन्ही प्रकारांवर लिहिणारे यंत्र सोनीने विक्रीस आणले. पुढे तशीच यंत्रे सर्वत्र रूढ झाली. कोणाचीही हार न होता तंटा मिटला.

तथापि, ग्राहकाच्या दृष्टीने एक प्रश्न या तंट्याहून मोठा होता : लिहिलेले किती काळ टिकेल? ऊन व उष्णता यांनी रंगद्रव्य खराब होते, मग चिन्ह वजा असो वा अधिक. शिवाय आजच्या पुष्कळ नव्या संगणकांत तबकडी घालण्याची सोयच नसते. लेखन शाबूत असूनही वाचणारे यंत्र नसले, तर ते लेखन मुकेच राहते.

या बाबतीत प्रवरेचाच काठ आपणांस मार्ग दाखवितो. याच नदीच्या तीरी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी लिहिली गेली. तिची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. परंतु लोकांनी हातांनी नकला केल्या. त्या नकलांत पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. मूळ पाने गेली, तरी ग्रंथ राहिला.

म्हणून घरी अशी तबकडी असेल, तर ती कडेला धरून उचलावी, उन्हापासून दूर ठेवावी आणि वाचणारे यंत्र मिळते आहे तोवर तिची नक्कल करून घ्यावी. ती नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी व काही वर्षांनी पुन्हा तपासावी. त्या लग्नात आजीने म्हटलेल्या ओव्या कदाचित तेवढ्याच तबकडीवर उरलेल्या असतील.