आधी वही, मग यंत्र

यंत्रमानव तयार करणे हे पैसेवाल्यांच्या मुलांचे काम, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. पालकांनो, अमेरिकेतील चार मुलांची ही हकीकत मुलामुलींना जवळ बसवून वाचा.

अ‍ॅरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे. तेथील कार्ल हेडन हायस्कूल ही गरीब वस्तीतील शाळा. २००४ साली या शाळेतील चार विद्यार्थी पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रमानवांच्या स्पर्धेत उतरले. चौघेही मेक्सिकोतून लहानपणी आलेले. देशात राहण्याची कागदपत्रे नाहीत आणि घरी ओढाताण. फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमेरॉन या शिक्षकांनी त्यांना हाताशी धरले. त्यांनी नाव दिले ते थेट महाविद्यालयीन गटात. मोठ्यांकडून हरलो तर त्यात कमीपणा कसला, हा त्यांचा हिशोब!

जमलेला पैसा सुमारे ८०० डॉलर. म्हणून प्रत्येक गोष्ट आधी विचाराने ठरवावी लागली. पहिले काम नियम वाचण्याचे. बुडालेल्या पाणबुडीच्या प्रतिकृतीची लांबी मोजायची, पाण्याचे तापमान घ्यायचे, पिंपातील द्रवाचा नमुना आणायचा. कोणत्या कामाला कोणते साधन लागेल, हे ठरले. अडले तेथे त्यांनी जाणकारांना फोन करून विचारले. विचारण्याची लाज धरली नाही.

दुसरे काम सामानाची निवड. सांगाड्यासाठी त्यांनी नळाचा प्लॅस्टिकचा पाइप घेतला. तो स्वस्त, आतल्या हवेमुळे तरंगायला मदत करणारा आणि तारा आतून नेता येणारा. द्रवाचा नमुना धरायला साधा फुगा. पाइप चिकटवताना डिंकाचा वास इतका उग्र सुटला, की यंत्राचे नावच पडले ‘स्टिंकी’, म्हणजे घाणेरड्या वासाचा!

तिसरे काम चाचणीचे. स्पर्धा कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे होती. तिथे पोहोचल्यावर सरावात कळले की बॅटरीच्या पेटीत पाणी झिरपते आहे. मुले रडत बसली नाहीत. पाणी शोषून घेईल असे काय मिळेल? पाळीच्या दिवसांत बायका वापरतात ते टॅम्पॉन एकाने दुकानातून आणले आणि पेटीत ठेवले. तारांचे सांधेही रात्री जागून पुन्हा डागले.

चौथे काम लिहिण्याचे. काय केले आणि का केले, याचा अहवाल त्यांनी नेटका लिहिला. परीक्षकांच्या प्रश्नांना मुलांनीच उत्तरे दिली. नेटकी रचना आणि तांत्रिक लेखन ही दोन्ही बक्षिसे त्यांना मिळाली. एकूण स्पर्धेतही ते पहिले आले. दुसरा क्रमांक एमआयटी या जगप्रसिद्ध संस्थेचा होता!

बक्षिसाने सगळे प्रश्न सुटले नाहीत. कागदपत्रांअभावी पुढील शिक्षणाची वाट खडतरच राहिली. तरी त्यांच्यातील ऑस्कर वाझ्केझ याने २००९ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळवली.

उद्या शाळेत तुमची मुलगी अशा संघात गेली, तर महागडे सामान कोठून आणू म्हणून घाबरू नका. तिला एक वही घेऊन द्या. काय करायचे, कोणी करायचे, कोणत्या दिवशी तपासायचे आणि बिघडले तर दुरुस्तीला किती दिवस राखायचे, हे तिच्या संघाने त्या वहीत आधी लिहून काढावे. पैसा नंतर लागतो, विचार आधी लागतो.