गाण्यांची रास आणि गाण्यांची माळ

सुशिक्षित घरांत हल्लीं संगणक बहुधा असतोच, आणि जेथें संगणक आहे तेथें गाण्यांचा संग्रहहि असतो. वडीलधाऱ्यांच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेलीं नाट्यपदें, कोणा भाच्यानें पेन ड्राइव्हवर आणून दिलेलीं भावगीतें, मुलांनीं जमविलेलीं चित्रपटगीतें आणि मोबाइलवर टिपलेलीं घरचीं भजनें, असें सर्व कांहीं एका कपाटांत कोंबावें तसें तेथें भरलेलें असतें. संग्रह मोठा असल्याचें समाधान सर्वांनाच वाटतें. परंतु दिवेलागणीच्या वेळीं एखादें पद ऐकावेंसें वाटलें तर तें लवकर सांपडत नाहीं, आणि सांपडलें तरी त्याच्यामागून भलतेंच कांहीं वाजूं लागतें. येथें उणीव संग्रहाची नसून क्रमाची असते. संगणकाच्या परिभाषेंत जिला 'प्लेलिस्ट' म्हणतात व जिला आम्ही या लेखांत 'गीतमालिका' म्हणणार आहों, तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे तें याचसाठीं.

'मालिका' हा शब्द आम्हीं नव्यानें बनविलेला नाहीं, आणि आमच्या सिन्नरकरांना तो समजावून सांगण्याचीहि गरज नाहीं. दरवर्षीं श्रीनिवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते, ती नाशिक व सिन्नर यांवरून आषाढी एकादशीस पंढरपुरास पोंचते. वाटेंत आमच्याच तालुक्यांतील दातली येथें तिचें रिंगण होतें. त्या दिंडीबरोबर दहा पावलें चाललेल्या माणसालाहि हें कळून येतें कीं, टाळकरी मनास येईल तो अभंग म्हणत नाहींत. पहाटे काकड्याचे अभंग, सायंकाळीं हरिपाठ. वारांचे अभंग निराळे आणि एकादशीचे निराळे. हा क्रम ज्या पुस्तकांतून छापलेला असतो त्यांचें नांवच मुळीं 'भजनी मालिका'. तमाशाचाहि प्रकार तोच. उत्तर पेशवाईंत ज्याच्या लावण्या गाजल्या तो परशराम शाहीर याच तालुक्यांतील बावीचा. परंतु लावणी कितीहि रंगतदार असली तरी फडावर आधीं गण व्हावा लागतो आणि मग गवळण. मैफलींत विलंबित ख्याल अगोदर, द्रुत त्यानंतर, आणि भैरवी झाली म्हणजे श्रोते आपापल्या वहाणा शोधूं लागतात. तात्पर्य, गाणें निवडणें आणि गाण्यांचा क्रम लावणें हीं दोन कामें भिन्न आहेत, हें आपल्या पूर्वजांनीं पुरतें ओळखलें होतें. संगणकानें पहिलें काम अत्यंत सोपें करून टाकलें. दुसरें मात्र अजून माणसाकडेच आहे.

रास कशी वाढली

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें ग्रामोफोनसाठीं मुद्रित झालें, तेव्हांपासून कित्येक वर्षें ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावत असे. दर तीन मिनिटांनीं कोणीतरी उठून तबकडी बदलावी लागे. म्हणजे पुढें काय वाजावयाचें याचा निर्णयहि दर तीन मिनिटांनीं माणसालाच करावा लागे. १९४८ सालीं लांब तबकडी आली व एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणें मावूं लागलें. १९६३ सालीं कॅसेट निघाली. तिच्या साठ मिनिटांच्या प्रकारांत दोन बाजूंना तीस-तीस मिनिटें मिळत. १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली आणि सुमारें चौऱ्याहत्तर मिनिटें अखंड वाजूं लागली. या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती: कोणीतरी जाणत्यानें गाण्यांचा क्रम आधींच ठरवून दिलेला असे. कॅसेट लावली कीं, दुसऱ्या गाण्यामागून तिसरें तेंच येई. घरांतील लहान मुलांनाहि एक गाणें संपतांच पुढल्याचा पहिला सूर मनांतल्या मनांत ऐकूं येत असे.

'एमपीथ्री' हें नांव १९९५ सालीं रूढ झालें आणि हें सर्व बदललें. या पद्धतीनें दाबून बसविलेल्या सर्वसाधारण गाण्यास मिनिटाला सुमारें एक मेगाबाइट जागा पुरते. याचा अर्थ असा कीं, बोटाएवढ्या सोळा गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर सुमारें अकरा दिवस अहोरात्र वाजेल इतकें संगीत राहतें. एवढ्या मोठ्या राशीला क्रम लावून देणारा कोणी उरला नाहीं. तो आतां घरांतच निर्माण व्हावयास हवा.

क्रम म्हणजे अर्थ

क्रम बिघडल्यानें काय होतें, याचें गीतरामायणाएवढें उत्तम उदाहरण दुसरें नाहीं. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, आकाशवाणीच्या पुणें केंद्रावरून त्याचा आरंभ झाला. गदिमांचे शब्द व सुधीर फडके यांचें संगीत अशी छप्पन्न गीतें आठवड्याला एक याप्रमाणें वर्षभर प्रसृत झालीं. पहिल्या गीतांत कुश-लव प्रत्यक्ष श्रीरामापुढें गाऊं लागतात, आणि अखेरच्या गीतांत वाल्मीकि त्या बालकांना रामायण कसें गावें तें सांगतात. पहिल्याचा आरंभ 'स' या अक्षरानें होतो व अखेरच्याचा 'ग' या अक्षरानें. आतां हीं छप्पन्न गीतें केवळ नांवें देऊन संगणकांत घातलीं, कीं तो आपल्या स्वभावाप्रमाणें त्यांना अक्षरानुक्रमें लावतो. परिणाम असा होतो कीं, वाल्मीकींचा उपदेश आधीं येतो आणि कुश-लवांचें गायन पुष्कळ मागून! मूळ प्रसारणांत निरनिराळ्या गायक-गायिकांनीं गीतें म्हटलीं होतीं. तीं गायकांच्या नांवांवरून लावलीं तर कथेचे आणखी तुकडे होतात.

क्रमांक दिले तरी सावध असावें लागतें. '१' ते '५६' असे साधे आंकडे घातले, तर पुष्कळ यंत्रें त्यांनाहि अक्षरांप्रमाणेंच वाचतात. मग एकामागून दहा, अकरा, बारा असे एकोणीसपर्यंत आंकडे येतात व त्यानंतर दोन! दुसरें गीत अशा रीतीनें बाराव्या जागीं जाऊन बसतें. उपाय क्षुल्लक आहे. एक न लिहितां 'शून्य एक' लिहावें, दोन न लिहितां 'शून्य दोन' लिहावें. संख्या शंभरावर जाणार असेल तर आरंभीं दोन शून्यें द्यावीं.

यंत्रावर 'शफल' म्हणून एक कळ असते. ती दाबली म्हणजे गाणीं यदृच्छेनें वाजतात. स्वयंपाकघरांत भाजी निवडतांना चित्रपटगीतें ऐकावयाचीं असतील तर ती कळ मौजेची आहे. परंतु कथा, पोथी, हरिपाठ अथवा संपूर्ण नाटकाचीं पदें लावतांना ती बंद आहे ना, हें आधीं पाहावें.

प्रत्यक्ष कृति

गीतमालिका तयार करण्यास फार विद्या लागते असें नाहीं. 'व्हीएलसी' नांवाचा वादक विनामूल्य मिळतो. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या कामांतून तो जन्मास आला. त्याच्या 'व्ह्यू' या सदराखालीं 'प्लेलिस्ट' उघडावी, हवीं तीं गाणीं तेथें ओढून आणावीं, वर-खालीं सरकवून क्रम लावावा, आणि 'मीडिया' या सदरांतून ती यादी फाइल म्हणून जतन करावी. एवढ्यानें काम झालें.

परंतु या यादीच्या पोटांत काय असतें, हें ज्यानें एकदां पाहिलें त्याला संगणकाचें भय उरत नाहीं. 'एमथ्रीयू' या प्रकारची यादी म्हणजे निव्वळ साधा मजकूर होय. वाण्याच्या यादींत जसें ओळीला एक जिन्नस, तसें येथें ओळीला एका गाण्याच्या फाइलीचें नांव. ती साध्या नोटपॅडमध्यें उघडतां येते. एक ओळ उचलून वर नेली कीं गाण्याचा क्रम बदलला. ती हातानें लिहूनहि काढतां येते. मात्र फाइलीचें नांव शेवटच्या बिंदूसह व प्रकारदर्शक अक्षरांसह पुरें लिहावें. विंडोजमध्यें हें शेपूट बहुधा झांकलेलें असतें, तें आधीं उघडें करून घ्यावें. नांवें देवनागरींत असल्यास यादी 'यूटीएफ-८' या लेखनपद्धतींत व 'एमथ्रीयू-८' या प्रकारानें जतन करावी, म्हणजे अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटत नाहींत. मोटारींतील कित्येक जुन्या यंत्रांना देवनागरी वाचतां येत नाहीं. त्यांच्यासाठीं प्रत्येक नांवाच्या आरंभीं आंकडे असले म्हणजे निदान क्रम तरी राहतो.

याद्या मोडतात त्या बहुतेक पत्त्यामुळें. यादींत गाण्याचा पत्ता दोन प्रकारें लिहितां येतो. एक प्रकार संपूर्ण पत्त्याचा: अमुक संगणक, अमुक कप्पा, अमुक फोल्डर. दुसरा प्रकार 'हें गाणें माझ्या शेजारींच आहे' एवढेंच सांगणारा. बिऱ्हाड बदललें कीं पहिला पत्ता निरुपयोगी होतो. दुसऱ्या प्रकारांत सगळीं घरेंच एकत्र हललीं तर शेजार कायम राहतो. यास्तव यादी व गाणीं एकाच फोल्डरांत ठेवावीं व यादींत केवळ नांवें लिहावीं. असा फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून मुंबईच्या अथवा परदेशांतील मुलाकडे नेला तरी माळ तुटत नाहीं.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें या पद्धतींत एक मोठी सोय आहे. यादींत गाणें नसतें, गाण्याचें नुसतें नांव असतें. म्हणून एकच गाणें दहा याद्यांत घातलें तरी जागा दहापट लागत नाहीं. आजोबांची पहाटेची भूपाळ्यांची मालिका, सासूबाईंची दुपारच्या नाट्यपदांची, सूनबाईंची भावगीतांची, मुलांची त्यांच्या आवडीची, अशा सर्व मालिका एकाच संग्रहावर सुखानें नांदूं शकतात. मुलांनीं आपल्या यादींतून एखादें पद वगळलें म्हणून आजोबांचें पद नाहींसें होत नाहीं. मात्र मूळ फाइल पुसणें आणि यादींतील ओळ पुसणें यांतला भेद घरांतील सर्वांना एकदां नीट समजावून द्यावा.

हल्लीं पुष्कळ घरीं संग्रह न ठेवतां आंतरजालावरील एखाद्या सेवेकडूनच गाणीं ऐकतात आणि याद्याहि तेथेंच करतात. सोय निःसंशय मोठी आहे. परंतु ती यादी परक्याच्या घरांत ठेवलेली असते. 'गूगल प्ले म्युझिक' ही सेवा २०२० सालीं बंद झाली, तेव्हां तेथील मंडळींना आपल्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. म्हणून ज्या मालिकेवर आपलें मन आहे तिची एक प्रत आपल्यापाशीं साध्या मजकुरांत असूं द्यावी.

घरचे आवाज

विकतचीं गाणीं आज हरवलीं तर उद्यां पुन्हां मिळतील. जें पुन्हां मिळणार नाहीं तें निराळें आहे. मंगळागौरीच्या जागरणांत काकूंनीं म्हटलेलीं गाणीं, आजीच्या ओव्या, गणपतीपुढें सर्वांनीं मिळून म्हटलेल्या आरत्या, मामांनीं सांगितलेली कहाणी, हें सारें हल्लीं कोणी ना कोणी मोबाइलवर टिपून घेतो. परंतु तें यंत्र त्या आवाजाला नांव देतें तें केवळ तारखेच्या व वेळेच्या आंकड्यांचें. आज घरांतील चार माणसें तो आवाज ऐकतांच 'ही आजी' असें म्हणतात. वीस वर्षांनीं त्या आंकड्यांच्या ढिगांतून आजीला कोणीं व कसें ओळखावें?

कुलवृत्तांत छापविण्याची आपल्या समाजांत मोठी आस्था आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु कुलवृत्तांतांत नांवें मिळतात, आवाज मिळत नाहींत. आणि मोबाइलमध्यें आवाज असतात, पण नांवें नसतात. या दोहोंची गांठ घालून देण्याचें काम एका साध्या यादीनें होतें. प्रत्येक फाइलीला आवाज कोणाचा, प्रसंग कोणता व वर्ष कोणतें एवढें नांव द्यावें. नंतर घरांतील जाणत्या स्त्रीला जवळ बसवून विचारावें: मंगळागौरीला आधीं काय म्हणत, फुगड्या केव्हां, झिम्मा केव्हां, पहाटे शेवटीं काय? हा क्रम तिला तोंडपाठ असतो. कोणी विचारीत नाहीं म्हणून ती सांगत नाहीं. तो यादींत उतरवावा, यादी व आवाज यांच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि यादीचा कागद छापून घरच्या वहींत चिकटवून ठेवावा. पुढें यंत्रें बदललीं तरी तो कागद वाचतां येईल, आणि त्यावरून माळ पुन्हां ओंवतां येईल.

या कामाची वांटणीहि सोपी आहे. वडील मंडळींनीं क्रम सांगावा, मुलांनीं तो टंकावा. एरव्हीं जीं दोन पिढ्यांचीं माणसें एका घरांत राहूनहि दिवसाकांठीं दहा वाक्यें बोलत नाहींत, तीं या निमित्तानें एका यादीवर तासभर वाद घालतील, आणि तो वादहि लाभाचाच होईल. गाणीं कोठें जात नाहींत. त्यांचा क्रम जाणणारीं माणसें मात्र जातात. म्हणून आमच्या वाचकांस व वाचक-भगिनींस आमची एवढीच विनंति आहे कीं, येत्या श्रावणापूर्वीं घरांतील निदान एक मालिका पुरी करावी, आणि ती करतांना आरंभ घरांतील सर्वांत वडील माणसाच्या आवाजापासून करावा.