तुकडा काढला की कॅन्सर पसरतो? मग तो मानेतल्या गाठीपर्यंत पोहोचतो कसा?

ब्रह्मपुरीतल्या कुठल्याही पानठेल्यावर सकाळी पाच मिनिटं थांबा. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटल्याचा आवाज हमखास ऐकू येईल. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. जिल्हा बदलतो, खर्रा बदलत नाही. शेतात, एसटीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तो असतो.

आणि जिथं खर्रा असतो, तिथं एक वाक्यही कानावर येतं. "चांगला हिंडत-फिरत होता, डॉक्टरनं तुकडा काढला आन् कॅन्सर पसरला."

याच भीतीपोटी अनेक जण तोंडातली जखम घेऊन घरीच बसतात. गावठी औषध लावतात, गुळण्या करतात, दिवस काढतात. म्हणून कॅन्सर खरोखर पसरतो कसा आणि पसरल्यावर औषधाला दाद का देत नाही, हे समजून घ्यायला हवं.

सुरुवात कुठं होते?

खर्रा गालात धरून ठेवला जातो. तंबाखूतली विषारी रसायनं तासन् तास गालाच्या आतल्या नाजूक त्वचेला चिकटून राहतात. चुना ती त्वचा सोलतो. सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सरला कारणीभूत असल्याचं २००४ सालीच जाहीर केलं आहे.

सुपारीमुळं गालाच्या आत घट्ट पांढरे पट्टे तयार होतात. तोंड हळूहळू उघडेनासं होतं, साधी भाजीही तिखट लागते. हा अजून कॅन्सर नसतो, पण त्याकडं जाणारी वाट असू शकते.

दरम्यान पेशींच्या डीएनएमध्ये बिघाड साचत जातात. पेशी बिघडली की तिची वाढ थांबवणारं 'टीपी५३' नावाचं जनुक असतं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तेच निकामी झालेलं आढळतं. राखणदारच गेला की पेशी मोकाट वाढायला लागते.

पसरणं म्हणजे नेमकं काय?

नुसती वाढलेली गाठ जागेवर राहिली असती, तर कापून काढली की प्रश्न मिटला असता. कॅन्सरला जीवघेणा बनवतो तो त्याचा प्रवास.

गालातल्या निरोगी पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन. कॅन्सरच्या काही पेशी हे प्रथिन कमी करतात आणि शेजाऱ्यांपासून सुटतात. मग त्या खालचा पडदा विरघळवणारी विकरं सोडतात. पडदा फुटला की आतल्या बारीक लसीका वाहिन्या आणि रक्तवाहिन्या समोर येतात.

तोंडाच्या कॅन्सरचा पहिला मुक्काम बहुधा मानेतल्या लसीका गाठींमध्ये पडतो. जबड्याखाली सुपारीएवढी, न दुखणारी गाठ लागते ती हीच. पुढं रक्तातून तो फुप्फुसांपर्यंतही जाऊ शकतो.

या प्रवासात बहुतेक पेशी मरतात. रक्ताच्या जोरानं काही फुटतात, काहींना शरीराची प्रतिकारशक्ती गाठते. वाचतात त्यांनाही रुजायला योग्य जागा लागते. इंग्लंडमधल्या स्टीफन पॅजेट या सर्जननं १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून हेच सांगितलं होतं. कॅन्सरची पेशी हे बी, अवयव ही जमीन. धान पिकवणाऱ्या ब्रह्मपुरीला हे वेगळं सांगायला नको. बी कुठंही पडेल, पण रुजेल ते मानवणाऱ्या जमिनीतच.

मग तुकडा काढल्यानं काय होतं?

हा सगळा प्रवास सुई किंवा ब्लेड लागण्याच्या आधीपासून सुरू असतो. त्याचा पुरावा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आला.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेले रुग्ण घेतले. या रुग्णांच्या मानेत हाताला एकही गाठ लागत नव्हती. निम्म्यांची तोंडातली गाठ काढताना मानेतल्या लसीका गाठीही काढल्या. उरलेल्यांच्या मानेवर फक्त लक्ष ठेवलं आणि तिथं गाठ दिसली तरच दुसरं ऑपरेशन केलं.

पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मानेतल्या गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के जिवंत होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. ज्यांची मान वरून अगदी साफ वाटत होती, त्यांच्यातल्याही सुमारे ३० टक्के रुग्णांच्या लसीका गाठींत कॅन्सर आधीच पोहोचलेला सापडला.

म्हणजे हाताला काही लागत नाही तेव्हाही तो मानेत असू शकतो. पुढं तिथली गाठ दिसायला लागते, तोवर तपासणीसाठी तुकडा काढून झालेला असतो. आधी तुकडा, मग गाठ, असा क्रम दिसतो आणि दोष तुकड्याला लागतो.

शरीरातल्या काही मोजक्या गाठींत सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका अगदी क्वचित असतो, आणि डॉक्टर तपासणीची पद्धत तसा विचार करूनच ठरवतात. तोंडातल्या जखमेचा तुकडा मात्र काढायलाच हवा. त्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे कळत नाही आणि उपचारही ठरत नाही.

औषध चालेनासं का होतं?

धानावर तुडतुडे पडले की फवारणी होते. बहुतेक तुडतुडे मरतात. पण हजारांत एखादा असा असतो, ज्याला ते औषध बाधत नाही. तो उरतो आणि पुढची पिढी त्याचीच वाढते. काही हंगामांनी तेच औषध त्याच बांधीत फुकट जातं.

कॅन्सरच्या गाठीतही असंच घडतं. तिच्यात कोट्यवधी पेशी असतात आणि त्या सगळ्या सारख्या नसतात. दर विभाजनात नवे बदल होतात. गाठ जितकी मोठी, तितकी तिच्यात औषध पचवणारी पेशी आधीच असण्याची शक्यता जास्त. केमो सुरू झाल्यावर गाठ आक्रसते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. काही महिन्यांनी गाठ परत येते ती उरलेल्या चिवट पेशींची असते.

या पेशी वाचतात कशा? वाटा अनेक आहेत.

• काही पेशींच्या आवरणावर पंपासारखी प्रथिनं असतात. ती आत आलेलं औषध बाहेर फेकतात. असा पहिला पंप १९७६ साली सापडला.
• सिस्प्लॅटिनसारखं औषध पेशीच्या डीएनएला चिकटून तिला मारतं. काही पेशी हा बिघाड झटपट दुरुस्त करतात.
• काही पेशी झोपी जातात. बरीचशी केमो औषधं विभाजन करणाऱ्या पेशींना मारतात, त्यामुळं झोपलेल्या सुटतात.
• काही पेशी प्रतिकारशक्तीच्या सैनिकांसमोर 'मी आपलीच' अशी खोटी खूण धरतात.

यावर उपाय काय?

म्हणूनच अनेकदा एकाऐवजी दोन-तीन औषधं एकत्र देतात. एकातून सुटलेली पेशी दुसऱ्यात सापडावी, हा हिशेब.

टाटा मेमोरियलनं आणखी एक वाट तपासली. बरा न होणाऱ्या टप्प्यातल्या डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये, शिरेतून सिस्प्लॅटिन देण्याऐवजी मेथोट्रेक्झेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या कमी मात्रेत, नियमित दिल्या. २०२० साली आलेल्या निष्कर्षांत सिस्प्लॅटिनवरचे रुग्ण सरासरी ६.१ महिने जगले, गोळ्यांवरचे ७.५ महिने. शिवाय गोळ्या घरी घेता येतात.

२०२२ साली त्यांनी अशाच गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडं औषध दिलं. ते वर सांगितलेली खोटी खूण निष्प्रभ करतं. मात्रा ठेवली फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

आकडे दिलासा देतात, पण हिशेब महिन्यांचा आहे. लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये हाच हिशेब वर्षांचा असतो. आणि या गोळ्या कुणी मेडिकलमधून आणून स्वतःहून घ्यायच्या नाहीत.

रोवणीसाठी घरी आलं तर?

रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालतं. त्यासाठी नागपूरसारख्या ठिकाणी राहावं लागतं. मधेच रोवणी येते, मजुरी बुडते, जखम जरा सुकलेली असते. रुग्ण आठवडाभर गावी येतो.

या खाड्यात उरलेल्या पेशी आणखी वेगानं वाढतात. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागं आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्यानं घटते, असा अंदाज आहे. अडचण असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे.

आज काय करता येईल?

२०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ लोक न जाळता वापरायचा तंबाखू घेत होते. जवळपास चारातला एक. तेव्हा घरात एक तरी तोंड तपासण्याजोगं असणारच.

आरशासमोर, उजेडात तोंड उघडा. आपलीच तीन बोटं उभी आत जातात का? गालात, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? मानेत न दुखणारी गाठ लागते का? यातलं एकही असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरला दाखवा. आणि त्यांनी तुकडा काढायचा सांगितला, तर तो काढू द्या.