मूत्रपिंडाच्या रुग्णाचा दुखरा चट्टा : वेळीच ओळख हवी

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुके होत. अंगावर बधिर चट्टा दिसला की कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी, हे येथील गावोगावी सांगितले जाते. तथापि, चट्टा बधिर नसून असह्य दुखत असेल आणि रुग्णाची मूत्रपिंडे निकामी झालेली असतील, तर एका निराळ्या विकाराची शंका घेणे आवश्यक ठरते. हा विरळा, परंतु प्राणघातक विकार म्हणजे कॅल्सिफिलॅक्सिस.

निरोगी मूत्रपिंडे रक्तातील जादा फॉस्फरस बाहेर टाकतात. ती निकामी झाली की फॉस्फरस साठतो, कॅल्शियमचा समतोल ढळतो आणि त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमचे थर बसतात. वाहिन्या अरुंद होऊन त्यांत गुठळ्या अडकतात व त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. पोट, मांड्या किंवा पाय यांवर प्रथम जांभळट, जाळीदार चट्टे व कठीण गाठी दिसतात. पुढे काळ्या खपलीच्या जखमा होतात. मधुमेह, स्थूलता आणि वॉरफेरिन हे रक्त गोठू न देणारे औषध यांमुळे धोका वाढतो.

निदान मुख्यतः लक्षणांवरून होते. रक्ततपासणीचे साहाय्य होते. त्वचेचा तुकडा काढून तपासता येतो; मात्र ती जागा चिघळण्याचा संभव असल्याने तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

यावर एकच रामबाण उपाय नाही. जखमेची निगा, वेदनाशमन, पुरेसे डायलिसिस, फॉस्फरसवर नियंत्रण आणि चालू औषधांचा फेरविचार हे उपचाराचे मुख्य भाग होत. सोडियम थायोसल्फेट हे औषधही शिरेतून दिले जाते. परंतु त्याचा लाभ निर्विवाद सिद्ध झालेला नाही. जखमेतील जंतुसंसर्ग रक्तात पसरणे हे मृत्यूचे प्रमुख कारण असून निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावतात. म्हणूनच प्रत्येक दिवस मोलाचा ठरतो.

डायलिसिस सहसा आठवड्यातून तीन वेळा करावे लागते. दूरच्या पाड्यावरील रुग्णाची एखादी खेप चुकू नये, यासाठी पंचायत सदस्यांनी वाहनाची सोय पाहावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहितीही त्याच्या कुटुंबास द्यावी. अशा रुग्णाच्या अंगावर दुखरा चट्टा दिसताच लेप लावण्यात वेळ न दवडता त्याच दिवशी डायलिसिस केंद्रास कळवावे. औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.